‘मला जमत नाही’ : एका निकालाची फेरतपासणी

सीतेच्या शोधार्थ दक्षिणेकडे निघालेले वानर समुद्रकाठी येऊन थबकले, तो प्रसंग वाल्मीकी रामायणाच्या किष्किंधाकांडाच्या अखेरीस येतो. पलीकडचा तीर शंभर योजने दूर होता. अंगदाने प्रत्येकाला त्याच्या झेपेचा पल्ला विचारला. गजाने दहा योजने सांगितली, गवाक्षाने वीस. पुढे आकडे चढत गेले. वृद्ध जांबवान नव्वदवर थांबला. शंभर योजने आपण जाऊ, पण परत येण्याची खात्री देता येत नाही, असे खुद्द अंगद म्हणाला. या सगळ्या मोजणीत हनुमान कोठेच नव्हता. तो एका बाजूला गप्प बसून होता.

कथेकरी पुढच्या उड्डाणाच्या वर्णनात रंगून जातात आणि उड्डाणाआधीची ही मोजणी सहसा मागे पडते. वास्तविक पाहता विचार करण्याजोगी आहे ती हीच. दहा आणि वीस योजने सांगणाऱ्यांनी आपली मर्यादा प्रामाणिकपणे सांगितली, त्यात कमीपणा काहीच नव्हता. अंगदाची शक्ती पुरेशी होती, पण मनात शंका होती. आणि ज्याच्या ठायी सर्वाधिक सामर्थ्य होते, त्याने स्वतःला प्रश्नच विचारलेला नव्हता. ऋषींच्या शापामुळे त्याला आपल्या बळाचा विसर पडला होता, हा खुलासा उत्तरकांडात येतो. जांबवानाने मग काय केले? त्याने हनुमानाचा जन्म, त्याला मिळालेले वर आणि बालपणी सूर्याच्या दिशेने घेतलेली झेप या गोष्टींची आठवण करून दिली. नुसत्या प्रशंसेवर तो थांबला नाही. विस्मरणात गेलेला पुरावा त्याने समोर ठेवला.

प्रत्येक माणूस आपल्या झेपेचा असा एक आकडा मनाशी बाळगून असतो. गणित आपल्या डोक्यात शिरत नाही, चार माणसांत आपल्याला बोलता येत नाही, धंदा आपल्या रक्तात नाही, या वयात संगणक शिकणे आता होणार नाही, बायकांना हिशेबातले कळत नाही. ही वाक्ये इतकी सवयीची झालेली असतात की तो एक निकाल आहे, कोणीतरी कधीतरी दिलेला आणि नंतर कधीही न तपासलेला, याचेही भान उरत नाही. न्यायालयाच्या निकालावर अपील करता येते. स्वतःविषयीच्या निकालावर मात्र माणूस जन्मभर शिक्षा भोगतो आणि अपिलाचा अर्जही करीत नाही.

निकाल कोण देतो?

असे निकाल बहुधा बालपणी दिले जातात आणि देणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसते. पाहुण्यांसमोर आई सहज म्हणते, ‘हा अगदी मामावर गेलाय, आकडे पाहिले की याला झोप येते.’ एखादी शिक्षिका म्हणते, ‘तिचे पाठांतर चांगले आहे हो, पण गणिताचे म्हणाल तर बेताचेच.’ बोलणारा ते वाक्य संध्याकाळपर्यंत विसरतो. ऐकणारे मूल ते विसरत नाही. त्याला ते आपले वर्णन वाटते, आणि डोळ्यांचा रंग बदलत नाही तसे तेही बदलणार नाही, असे ते धरून चालते.

पुढचे सारे क्रमाने घडत जाते. पाचवीत अपूर्णांकांचा पाया कच्चा राहिला. तो पक्का करण्याऐवजी ‘गणित जमत नाही’ हे निदान झाले. निदान झाल्यावर सराव कमी झाला, कारण जे जमणारच नाही त्यावर वेळ कोण घालवणार? सराव कमी झाल्याने आठवीतले बीजगणित अवघड गेले. मग परीक्षेत भीती वाटू लागली, आणि जी एकाग्रता उदाहरण सोडवण्यात खर्च व्हायची ती भीतीशी झुंजण्यात खर्च झाली. गुण कमी पडले आणि घरच्यांनी समाधानाने मान हलवली : ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ मूळ दुखणे अपूर्णांकांचे होते आणि ते दोन महिन्यांच्या मेहनतीने बरे होण्यासारखे होते. त्याचे रूपांतर स्वभावात झाले.

हे दुखणे शिकवणाऱ्याकडून शिकणाऱ्याकडे कसे जाते, याचा एक अभ्यास अमेरिकेत झाला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिली-दुसरीच्या ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची भीती वाटत होती, त्यांच्या वर्गातील मुलींपैकी बऱ्याच जणी वर्ष संपता संपता ‘गणित मुलांचे, वाचन मुलींचे’ असे मानू लागल्या होत्या आणि अशा मुलींची गणितातली प्रगतीही मागे पडली होती. मुलांवर तसा परिणाम दिसला नाही. त्या शिक्षिकांनी हे मुद्दाम शिकवले असेल असे मानायचे कारण नाही. त्यांची भीतीच वर्गात शिकवून गेली.

अपवादाची पळवाट

चुकीची समजूत पुराव्यासमोर टिकू नये, असे वाटणे साहजिक आहे. तरी ती वर्षानुवर्षे टिकते, कारण विरुद्ध पुरावा पचवण्याची एक युक्ती तिच्यापाशी असते. उदाहरण चुकले तर ‘माझी बुद्धीच तेवढी’, आणि उदाहरण बरोबर आले तर ‘पेपर सोपा होता’. अपयश स्वभावाच्या खात्यावर आणि यश नशिबाच्या खात्यावर, अशा पद्धतीने हिशेब ठेवला तर कोणतीही वही कायम तोट्यातच दिसणार.

व्यक्तीचे जे, तेच समाजाचे. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात किती पिढ्या ऐकत आल्या आहेत! लग्नाच्या बैठकीत, कट्ट्यावर, व्यासपीठावरही ते खेदाने आणि क्वचित लपवलेल्या अभिमानानेही उच्चारले जाते, जणू धंदा न जमणे हा सचोटीचा दाखला आहे. आता दुसऱ्या बाजूचे पुरावे पाहावेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. दांडेकरांचा कॅम्लिन उद्योग १९३१ साली शाईपासून सुरू झाला. भिलवडीच्या चितळ्यांनी १९३९ साली दुधाचा व्यवसाय आरंभला. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली दंतमंजनापासून विको उभी केली आणि माल दारोदार नेऊन विकला. नीळकंठ कल्याणींनी १९६१ साली भारत फोर्जची स्थापना केली. ही यादी बरीच लांबवता येईल. पण ती कितीही लांबवली तरी समोरचा माणूस एकच उत्तर देतो : ‘ते हो, अपवाद!’

अपवाद किती जमले म्हणजे नियम बदलायचा, याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. कारण ती समजूत अनुभवातून आलेलीच नसते. ती सोयीतून आलेली असते. धंदा जमत नाही असे एकदा मान्य केले की भांडवल उभे करण्याची धावपळ नको, उधारी वसूल करण्याचा संकोच नको, तोट्याची नामुष्की नको. ‘जमत नाही’ या वाक्यात दुःख असते, तशीच एक सुरक्षितताही असते. ती सुटू नये म्हणूनच माणूस ते वाक्य सोडायला तयार होत नाही. मर्यादेची समजूत सोडणे अवघड का जाते, याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर येथे सापडते.

खरी मर्यादा आणि मानलेली मर्यादा

येथे एक आक्षेप योग्य ठरतो. माणसाला काहीही साध्य होते, फक्त मनात आणले पाहिजे, असे सांगणारी पुस्तके आणि शिबिरे यांचा सुकाळ आहे. हा उपदेश कानाला गोड लागतो, पण तो खरा नाही. मर्यादा असतात. शरीराच्या असतात, परिस्थितीच्या असतात, वयाच्याही असतात. गवाक्षाला शंभर योजने उडण्याचा आग्रह करणे हा त्याच्यावर अन्याय ठरला असता. प्रश्न एवढाच, की मर्यादा नेमकी कोठे आहे हे तपासून ठरवले की ऐकून?

याचा उत्तम दाखला किर्लोस्करांच्याच चरित्रात आहे. लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांच्या ध्यानात आले, की काही रंगांतला भेद आपल्याला कळत नाही. हा रंगांधळेपणा होता, मनाची समजूत नव्हे. जिद्दीने तो जाणारा नव्हता. त्यांनी चित्रकला सोडली, पण ‘मला काही जमत नाही’ असा निष्कर्ष काढला नाही. रंग ओळखता येत नाहीत, रेषा मात्र उत्तम काढता येतात, एवढेच त्यांनी नेमके मानले आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते तोच विषय शिकवीत. बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. तेथे सायकलींचे दुकान होतेच. त्यातूनच पुढे यंत्रे आणि लोखंडी नांगर करण्याचा उद्योग उभा राहिला.

नांगराची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. लोखंडाचा फाळ जमिनीत गेला तर जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. ती समजूत व्याख्यानांनी गेली नाही. ज्याने नांगर वापरला त्याचे पीक शेजाऱ्याने पाहिले, तेव्हा ती गेली. स्वतःविषयीची समजूत आणि जमिनीविषयीची समजूत, दोन्ही जाण्याची रीत एकच आहे.

दुसरा दाखला सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचा. ते सैन्यात होते आणि मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर अधू झाले. मुष्टियुद्धाचे दार बंद झाले, आणि ते खरोखरच बंद झाले होते. कोणत्याही आत्मविश्वासाने ते उघडले नसते. पण मुष्टियुद्ध संपले म्हणजे खेळ संपला, हा निष्कर्ष पेटकरांनी मानला नाही. उपचारांचा भाग म्हणून पोहणे सुरू झाले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. वेळ होती ३७.३३ सेकंद. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोन्ही चरित्रांत साम्य आहे ते नेमकेपणाचे. मर्यादा आहे तेवढीच मानायची, तिला आजूबाजूची जमीन बळकावू द्यायची नाही. ‘मला रंग ओळखता येत नाहीत’ हे निरीक्षण आहे. ‘मी कामाचा नाही’ ही मुजोर समजूत आहे. पहिल्याचा आदर करावा आणि दुसरीला पुरावा मागावा.

समाजाने लिहून दिलेली वाक्ये

काही समजुती घरात जन्मतात, काही वर्गात. पण सर्वांत चिवट समजुती समाज लिहून देतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ महिलांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला आणि त्यावरील लेख २००६ साली प्रसिद्ध केला. मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली आणि सुटलेल्या कोड्यांमागे बक्षीस ठेवले. मुलांच्या जाती जाहीर केल्या नव्हत्या, तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. सर्वांसमोर नाव आणि जात पुकारून तीच कोडी दिली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले त्याच गावांतली होती, कोडी त्याच धाटणीची होती. मध्ये आला तो फक्त एक उच्चार.

हा प्रयोग वाचून कोणत्याही संवेदनशील हिंदूची मान खाली जायला हवी. शतकानुशतके एका मोठ्या समाजाला ‘तुझी पायरी ही’ असे सांगितले गेले आणि वर त्यालाच न्यूनगंड आहे असे म्हटले गेले. येथे फार सावध राहिले पाहिजे. ज्याच्या पायात दुसऱ्याने बेडी घातली आहे, त्याला ‘बेडी तुझ्या मनात आहे’ असे सांगणे हा शहाणपणा नव्हे, क्रूरपणा आहे. महाडचा इतिहास याची साक्ष देतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. कागदावर बंदी उरली नव्हती. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह ते पाणी प्राशन केले, तेव्हा सत्याग्रहींवर हल्ले झाले. अडथळा मनात नव्हता, तो लाठ्या घेऊन रस्त्यात उभा होता.

बाबासाहेबांचे मोठेपण हे, की त्यांनी बाहेरची बेडी आणि आतली बेडी यांच्याशी एकाच वेळी लढा दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून अस्पृश्यता ओळखू येते, त्या खुणा टाकून द्या, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी लगोलग नेसण्याची तऱ्हा बदलली. समाजाने दिलेली ओळख त्या दिवशी अंगावरून उतरवली गेली. समजूत सोडणे ही नुसती मनातल्या मनात घडणारी गोष्ट नाही, ती अशी कृतीतून सुटते.

याच काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले स्वातंत्र्यवीर सावरकर हिंदू समाजाच्या सात ‘स्वदेशी’ बेड्या मोजून दाखवीत होते. शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. या बेड्या कोणा परकीयाने घातलेल्या नाहीत, असा तिचा अर्थ. त्यांतली एक होती सिंधुबंदी, म्हणजे समुद्र ओलांडण्याची मनाई. ज्या समाजाच्या लाडक्या देवाने समुद्र उल्लंघला आणि ज्याच्या नौका अतिपूर्वेपर्यंत गेल्या, त्या समाजाने पुढे समुद्र ओलांडणे हेच पाप ठरवावे, यापेक्षा आत्मविस्मृतीचे दुसरे उदाहरण कोणते? १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या तेव्हा ही बंदी जिवंत होती. निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर सभेत एकेका आक्षेपाला उत्तर दिले. निघताना वय अठरा वर्षे. १८८६ साली त्या पदवीधर डॉक्टर झाल्या. त्यांचे आयुष्य एकवीस वर्षांतच संपले, पण त्या प्रवासानंतर ‘हिंदू स्त्रीला हे शक्य नाही’ असे म्हणणाऱ्याला पुराव्याला सामोरे जाणे भाग पडले.

भाषणांनी भागत नाही

मग ही समजूत सुटावी कशी? मानसशास्त्राने गेल्या सात दशकांत या प्रश्नावर भरीव काम केले आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली तिला मराठीत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ असे अर्थपूर्ण नाव मिळाले आहे. १९९० साली ठाण्यात सुरू झालेल्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या मानसिक आरोग्य संस्थेने हा विचार मराठी घरांपर्यंत नेला. माणसाला दुःख देते ते घटनेपेक्षा तिच्याविषयीचे त्याचे मत, आणि मत तपासता येते, हे या पद्धतीचे सूत्र. आरॉन बेक यांनी १९६० च्या दशकात हीच वाट वेगळ्या अंगाने रुंद केली.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली आणखी एक उपयुक्त भेद केला. स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास चार मार्गांनी येतो : स्वतः काही करून दाखवल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहिल्याने, कोणी समजावून सांगितल्याने आणि शरीर-मनाच्या स्वस्थतेने. यांत सर्वांत भक्कम मार्ग पहिला. समजावून सांगणे त्यामानाने दुबळे. व्यक्तिमत्त्वविकासाची शिबिरे आणि आजकाल भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या स्फूर्तिदायक चित्रफिती यांचा परिणाम दोन दिवसांत का ओसरतो, याचे उत्तर यात आहे. त्या भाषण देतात, करायला काही देत नाहीत.

मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांचा १९६७ चा प्रयोग मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिलेला असतो. टाळता न येणारे विजेचे धक्के सोसलेल्या कुत्र्यांपैकी बहुतेक पुढे सुटण्याचा साधा मार्ग समोर असूनही जागचे हलले नाहीत. त्यावरून ‘असहायता शिकली जाते’ असा सिद्धांत मांडला गेला. जवळजवळ अर्ध्या शतकाने, २०१६ साली, याच दोघांनी मेंदूच्या अभ्यासाच्या आधारे आपला सिद्धांत दुरुस्त केला. दीर्घ संकटात हातपाय गाळणे ही मेंदूची उपजत प्रतिक्रियाच आहे. शिकावी लागते ती ‘माझ्या हातात काही आहे’ ही जाणीव, असे त्यांनी लिहिले. स्वतःच्या गाजलेल्या सिद्धांताची पन्नास वर्षांनी अशी फेरतपासणी करणे हाही एक धडाच आहे. तात्पर्य असे, की हातपाय गाळणाऱ्याला दूषण देऊन उपयोग नाही. त्याला लहानशा गोष्टीत तरी आपल्या कृतीने फरक पडतो, हा अनुभव मिळवून द्यावा लागतो.

म्हणून समजुतीची उलटतपासणी कागदावर आणि कृतीत व्हावी. प्रथम ते वाक्य जसेच्या तसे लिहावे. ते पहिल्यांदा कोण म्हणाले आणि किती वर्षांपूर्वी, हे आठवावे. त्यानंतर त्याची खरोखर किती वेळा परीक्षा घेतली, हे मोजावे. बहुतेकांच्या बाबतीत हा आकडा एक किंवा दोन निघतो! सभेत बोलता येत नाही असे वीस वर्षे म्हणणारा माणूस शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदाच अडखळलेला असतो. शेवटी ज्यात हरल्याने फारसे नुकसान होणार नाही, असा छोटा प्रयोग ठरवावा. सभा गाजवायची नाही, बैठकीत दोन मिनिटे वृत्त सांगायचे. धंद्यात घरदार घालायचे नाही, दिवाळीत पंचवीस घरांना फराळ पुरवून पाहायचा. संपूर्ण गणित नाही, रोज अर्धा तास अपूर्णांक. आणि जे घडेल ते त्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण यश ‘नशिबाच्या’ खात्यावर टाकायला मन टपलेलेच असते. प्रयोग दहा वेळा प्रामाणिकपणे करूनही जमले नाही, तर ती मर्यादा खरी आहे असे मानायला हरकत नाही. तेव्हा लक्ष्मणरावांप्रमाणे दुसरी वाट शोधावी. अशा माघारीत अपमान नाही.

जांबवान हवेत

हे सारे एकट्याने करणे मात्र कठीण. अमेरिकेत सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नववीच्या मुलांना, बुद्धी सरावाने वाढते हे समजावणारा तासाभराहूनही कमी वेळाचा पाठ दिला गेला. मागे पडणाऱ्या मुलांच्या गुणांत त्याने थोडी सुधारणा झाली. ती थोडीच होती, हे लपवण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट फार महत्त्वाची दिसली : ज्या शाळांत सोबतची मुले कठीण आव्हान स्वीकारण्याला मान देत होती, तेथे हा परिणाम अधिक ठळक होता. बी तेच, माती वेगळी.

ती माती म्हणजे घर, वर्ग, वस्ती आणि संघटना. मुलाचे वर्णन चारचौघांत करण्याची सवय घराने सोडली, ‘जमत नाही’ ऐवजी ‘अजून जमलेले नाही’ एवढा एक शब्द जोडला, तरी बराच फरक पडेल. पण शब्दाबरोबर कामही हवे. नातवाला भ्रमणध्वनी चालवायला शिकवताना आजोबांच्या हातातून तो हिसकावून घेऊन ‘द्या, मी करून देतो’ असे म्हणणे सोपे असते. त्या वाक्याने वेळ वाचतो आणि आजोबांची समजूत आणखी घट्ट होते. मागे बसून, हात न लावता, तिसऱ्या चुकीपर्यंत थांबणे हे खरे साहाय्य. कार्यकर्त्याच्या बाबतीतही हेच खरे. नेहमीच्या चार बोलक्या माणसांवर कार्यक्रम सोपवला की तो नीट पार पडतो. पण सतरंज्या उचलण्याचे काम वर्षानुवर्षे निमूटपणे करणाऱ्याला एकदा प्रास्ताविक करायला उभे केले, तो अडखळला आणि तरीही पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच उभे केले, तर माणूस घडतो. वस्तीतल्या ज्या मुलीच्या घराण्यात कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही, तिला उपदेशापेक्षा तिच्याच वस्तीतून पुढे गेलेली एखादी ताई भेटवून देणे अधिक मोलाचे. आणि तिच्या वाटेत बाहेरचा अडथळा असेल, शुल्काचा असो की जातीचा, तर तो दूर करण्यासाठी स्वतः झीज सोसणे हे त्याहूनही मोलाचे.

घरोघरी दहावी-बारावीचे निकाल लागतात तेव्हा गुणपत्रिकेच्या शेजारी एक अदृश्य गुणपत्रिकाही तयार होत असते. ‘हा कॉमर्सच्याच लायकीचा’, ‘ही काही पुढे जायची नाही’ असे शेरे तिच्यावर पडतात. छापील गुणपत्रिकेवरच्या गुणांची फेरतपासणी करण्यासाठी मंडळाकडे अर्ज करता येतो, त्याची मुदत असते, शुल्क असते. या दुसऱ्या गुणपत्रिकेला मुदत नाही. चाळिशीत, साठीतही अर्ज करता येतो, आणि तो ज्याचा त्याने आपल्याच मनाच्या दारी करायचा असतो. वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे : मुलावर शेरा मारण्यापूर्वी पेन खाली ठेवावे, आणि पूर्वी मारलेला एखादा शेरा चुकीचा होता असे वाटत असेल, तर तो ज्याच्यावर मारला त्याच्या देखत खोडून टाकावा.